पेशींच्या शेपट्या

तिने स्लाइड पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि स्वतःच्याच रक्तातल्या पेशींकडे डोळे वटारून पाहिलं. जिला तिला लांबलचक शेपटी होती. घोडं तिथेच पेंड खात होतं.

डीएनए शाबूत असला की विजेच्या प्रवाहात पेशी गोल राहते. धुरासारख्या कशाने चेतलेल्या ऑक्सिजनने तो पोखरला असेल, तर त्याचे तुकडे शेपटीसारखे बाहेर ओढले जातात. वेल्डिंगच्या शेडमध्ये धूर गिळणाऱ्या कामगारांच्या पेशींना अशा शेपट्या निघाल्या, तेव्हा ती हरखली होती. त्या कामगारांत तिचा दादा होता, आणि शेडमध्ये धूर ओढणारे पंखे बसणार की नाहीत, हे कारखान्याविरुद्धच्या सुनावणीत तिच्या तपासणीच्या निकालावर ठरणार होतं. पण ती स्वतः त्या शेडकडे कधी फिरकलीसुद्धा नव्हती.

"तुझी स्लाइड दे सोडून," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. "कामगारांचे आकडे तर चांगले आलेत ना?"

"कसले चांगले, सर? माझ्याही शेपट्या तेवढ्याच आहेत. म्हणजे मोजता मोजता मीच नुकसान केलंय."

खिडकीजवळचा ओटा तिने हट्टाने मागून घेतला होता, छान उजेड येतो म्हणून. पण उजेडानेही डीएनए तुटतो, आणि त्याच उजेडात उघड्या पडलेल्या पेशींची तिने वाट लावली होती. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

तिने दादाला फोन लावला.

"पुन्हा रक्त? बहीण आहेस की डास? आधीचं काय केलंस?"

"वाया घालवलं."

"बरं. बाकीच्यांनाही घेऊन येतो."

या वेळी तिने खिडकीला काळा कागद चिकटवला, नळ्या बर्फात रोवल्या आणि एका मंद पिवळ्या दिव्यावर सगळं काम उरकलं.

"एवढं करून काहीच निघालं नाही तर?" सरांनी विचारलं.

"तर नाही निघालं म्हणून सांगेन."

तिच्या पेशी जवळपास सगळ्या गोल निघाल्या. मग तिने दादाची स्लाइड लावली. शेपट्या आधीपेक्षा आखूड होत्या, पण जिकडे पाहावं तिकडे होत्या.

"मिळालं, सर," ती म्हणाली आणि चक्क हसली. पुन्हा डोळा लावला, तेव्हा आपण कशाला हसलो ते तिच्या लक्षात आलं.

संध्याकाळी दादाचाच फोन आला.

"काय निघालं गं?"

"धुराचंच आहे, दादा. आता कोणी नाही म्हणू शकत नाही."

"मग झालं तर," तो खुशीत म्हणाला. "पंखे बसले म्हणून समज. जिंकलीस की."

कोणाच्या रक्तात निघालं, हे त्याने विचारलंच नाही.