सीडीतल्या अंजलीबाई

द्वारकाबाईनं चाळीस वर्षांत चुलीत जेवढी फुंकर घातली, तेवढा वारा एका जागी साठवला असता तर साखरा गावची सगळी ज्वारी आठ दिवसांत उफणून झाली असती, आणि उरलेल्या वाऱ्यावर शेजारच्या गावाचंही भागलं असतं. गावातले म्हातारे हे शपथेवर सांगतात. पण वारा कुणी साठवला नाही. धूर मात्र साठला, तो तिच्या छातीत. साठीला पोचेतो अशी गत झाली की चुलीपासून न्हाणीपर्यंतची वीस पावलं तिला सेनगावाइतकी लांब वाटायची. मधे एकदा भिंतीला टेकायचं, एकदा खांबाला, आणि पोचल्यावर आपण कशाला आलो होतो तेच आठवायचं नाही.

दोन हजार सहा साली नांदेडच्या डॉक्टरांनी तिला ओढायचा पंप दिला आणि सोबत एक सीडी दिली. "फुप्फुसं काही परत नवी होणार नाहीत," ते म्हणाले, "पण उरलीत ती नीट वापरता येतील. यातला व्यायाम रोज घरीच करायचा. आणि धुरात बसायचं नाही." पोरगा स्वप्निल जवळच्या गोरेगावहून हिंगोलीला जीप चालवायचा. त्यानं कुणाकडून तरी सीडी प्लेअर आणून टीव्हीला जोडून दिला. टीव्ही बघून छाती बरी करायची, आता एवढंच राहिलं होतं, असं म्हणून द्वारकाबाईनं सीडी भिंतीतल्या देवळीत ठेवून दिली. ती तिथंच राहिली असती, पण वसमतहून फोन आला.

वसमतला लेक दिली होती, रागिणी. तिला सहावा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, हे कुणी कुणाला सांगत नसतं. तरी तिची सासू मिराबाई फोनवर म्हणाली, "राग धरू नका विहीणबाई. तुमाला बसल्या जागी धाप लागते. लेकराला न्हाऊ कोण घालन? इथंच करू आमी."

द्वारकाबाई फोन ठेवून खांबाला टेकून बसली. तिला एवढंच पाहिजे होतं, सव्वा महिना लेक घरात आणि नातवंड आपल्या पायावर. छातीचं मग काय व्हायचं ते व्हवो. दुसऱ्या दिवशी तिनं सुनेला हाक मारली. "मंजुषा, लाव बाई ते तुझं यंत्र."

लोडशेडिंगमुळं लाईट यायची पहाटे पाचला आणि जायची आठला, म्हणून टीव्हीतला दवाखाना उघडायचा सकाळी सहाला. पहिल्यांदा पडद्यावर डॉक्टर आले. द्वारकाबाईनं पदर ओढून थेट नाकावर घेतला. "आता ओठांचा चंबू करा," डॉक्टर म्हणाले. तिनं केला, पण पदराआड.

"आत्याबाई, पदर काढा की. त्याला काय दिसून राहिलं तिथून?"

"दिसो न दिसो. परका माणूस हाय."

मग पडद्यावर आल्या व्यायाम शिकवणाऱ्या अंजलीबाई. दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या. नाकानं श्वास घ्या, चंबूतून हळूहळू सोडा. हात वर नेताना सोडा, पायरी चढताना सोडा. आणि मधेच थांबून विचारायच्या, "दमलात का? बसा. घाई नाही." पहिल्या दिवशी हे ऐकून द्वारकाबाईनं मागं वळून बघितलं. दुसरं कुणी येऊन बसलं असेल असं तिला वाटलं. त्या घरात हा प्रश्न बैलांना विचारायची पद्धत होती.

नवरा सोनाजी पाट टाकून बाजूला बिडी ओढत बसायचा. दोन दिवसांतच त्याची खात्री झाली की ती बाई आपल्याकडंच बघते.

"काहून बघून राहिली हो ती माझ्याकडं?"

"बिडीचा धूर जात असंन तिच्या डोळ्यात," द्वारकाबाई म्हणाली.

सोनाजी उठला आणि गोठ्यापलीकडं जाऊन बसला. त्या दिवसापासून घरात बिडी पेटली नाही. तिथूनच तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा की गल्लीतल्या बाया सकाळी खिडकीशी जमतात, आणि आता तर म्हशीसुद्धा ओठांचा चंबू करूनच आंबोण फुंकतात. सोनाजीचं निम्मं सोडून द्यावं.

पण व्यायाम म्हणजे काही मौज नव्हती. ओट्याची पायरी दहादा चढायची होती. तिची तिसऱ्यालाच मांडी थरथरायची. बाटल्यांऐवजी ज्वारीच्या दोन पुरचुंड्या घेतल्या, त्या खांद्यापर्यंत न्यायला आठ दिवस लागले. मधेच थंडी पडली, कफ झाला, दहा दिवस गेले. पुन्हा टीव्ही लावला तर पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू. शेवटी तिला थकण्याचाही कंटाळा आला. तरी ती उठायची. आठव्या महिन्यात एका सकाळी ती अर्धी बादली घेऊन न्हाणीपर्यंत गेली, आणि खांब मधे आला तो तसाच मागं राहिला.

त्याच आठवड्यात मिराबाई आली. म्हणायला भेटायला, पण नजर सगळी द्वारकाबाईच्या छातीवर. द्वारकाबाईनं मुद्दाम तिच्यासमोरून बादली उचलली आणि एकेका पावलाला चंबूतून श्वास सोडत निघाली.

"काय फुंकून राहिल्या विहीणबाई? पाणी गार करताव का?"

"तुमची नजर काढून राहिले पाण्यावरची. जड हाय, लौकर निघत न्हाई."

"जीभ तर लई चालते. मला कुणी सांगितलं बाई, तुमाला दम न्हाई म्हणून?"

"तुमीच सांगितलं, फोनवर."

न्हाणीत बादली ठेवून द्वारकाबाई पुढं वाकली आणि हात गुडघ्यांवर ठेवून उभी राहिली. अंजलीबाईंनी शिकवलेला विसावा होता तो. मिराबाईला वाटलं, बाईचं काही पडलं असेल.

"बरं, पाठवते पोरीला," ती म्हणाली. "पण धुरी बराबर द्यायची. दोन टाईम, बारा दिवस. आमच्यात धुरीबिगर लेकरू वाढवत न्हाईत."

"दीन की धुरी," द्वारकाबाई म्हणाली. मंजुषा दारातून सासूकडं बघतच राहिली.

हिंगोलीच्या दवाखान्यात रागिणीला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी स्वप्निलच्या जीपमधून दोघी घरी आल्या. द्वारकाबाई पाटावर बसली, पाय लांब केले, लेकराला पायावर पालथं घातलं, तेल लावलं, पाणी घातलं. पोर रडली आणि थांबली. एवढ्यासाठीच तिनं तीन महिने पायरी चढली होती.

मग दार लावलं. शेगडीत निखारे होते. त्यांवर ओवा, शेपा आणि लसणाची सालं टाकली. धूर वर आला, आढ्यापर्यंत गेला आणि खाली उतरला. लेकरू अजून द्वारकाबाईच्या पायावरच होतं. पुढं वाकावं तर खाली लेकरू, उठावं तर पायात जीव नाही. चंबू केला, पण सोडायला आत काही नव्हतंच. तिचे ओठ निळे दिसले तेव्हा रागिणी बाजेवरून ओरडली. मंजुषानं दार उघडलं, आधी लेकरू उचललं, मग सासूला ओढत ओट्यावर नेलं. पंप दिला. अर्ध्या तासानं ओठांचा रंग परत आला.

"आई, मी जाते वसमतला," रागिणी आतून म्हणाली. "माझ्यासाठी मरू नको."

"गप पड," द्वारकाबाई म्हणाली. एवढं म्हणायला तिला तीन श्वास लागले.

संध्याकाळी मंजुषानं शेगडी उचलून परसात नेली. निखाऱ्यांवर बांबूचं डालगं पालथं घातलं आणि त्यावर लेकराची टोपडी, झबली, दुपटी पसरली. खाली ओवा टाकला. कपडे धुपले, गार झाले की आत यायचे. "आत्याबाई, लेकराला धुरीचा वास पाहिजे ना? तो घ्या. धूर इथं राहू द्या."

द्वारकाबाईनं दुपटं नाकाशी नेलं. वास बराबर होता.

बारा दिवस असे गेले. सकाळी ती लेकराला न्हाऊ घालायची, आणि मग जेवणापर्यंत उठायची नाही. भिंतीला टेकून डोळे मिटून बसायची, मांडीवर ओला टॉवेल तसाच.

बारशाला मिराबाई आली. आल्या आल्या नातीला उचलून टोपड्याचा वास घेतला. "हां. धुरी हाय." मग खोलीत बसली, वर बघितलं, बाजूला बघितलं. तिनं स्वतःची पाच बाळंतपणं काढली होती आणि सुनांची तीन. तिच्या घरची बाळंतिणीची खोली तव्याच्या बुडासारखी काळी होती. ही भिंत चुन्यानं पांढरीफेक होती.

पंगत उठली. बाया गेल्यावर द्वारकाबाईजवळ येऊन बसली.

"विहीणबाई, भिंत लई पांढरी हाय तुमची."

एरवी द्वारकाबाईनं टोला परतवला असता. आज एवढी माणसं जेवून गेली होती, तिनं पाठ भिंतीला टेकवली.

"व्हय," ती म्हणाली. "मला धूर सोसत न्हाई. आन् लेक सोडवत न्हाई. आता न्यायची तर न्या."

रागिणी बाजेवर डोळे मिटून पडली होती, पण झोपलेली माणसं एवढा श्वास धरून ठेवत नाहीत. मिराबाईनं तिच्याकडं बघितलं, मग लेकराची मूठ उघडून बघितली, पुन्हा मिटली.

"न्हाऊ कोण घालतं?"

"मीच."

"अंग चांगलं चोळलंय पोरीचं. हात हलका हाय तुमचा." ती थोडं थांबली. "राहते मी चार-आठ दिवस. पाणी मी काढते, तुमी नुसत्या पाय लांब करून बसा."

"चार का आठ?"

"लगेच मोजायला बसल्या?"

 द्वारकाबाईची मान मागं पांढऱ्या भिंतीला टेकली आणि डोळे लागले. मिराबाईनं तिच्या मांडीवरचा टॉवेल काढून दोरीवर टाकला, पदर खोचला आणि रिकामी बादली उचलून, तांब्या कुठं ठेवता गं म्हणून मंजुषाला विचारत न्हाणीकडं गेली.