गढूळ पाझर

उजाडता उजाडता तलावाच्या झडपेचं चाक सोळाव्यांदा फिरवताना तिच्या तळहाताची साल निघाली. ती थांबली नाही. मातीच्या बांधाखालून पाणी धो धो ओढ्यात उतरलं, ओढा तुडुंब झाला आणि काठ ओलांडून थेट दिराच्या रानात शिरला. तिथला कांदा उद्या काढायचा होता.

एकामागून एक वाफा बुडताना तिनं बांधावर उभं राहून डोळे भरून पाहिलं.

नऊ वर्षांपूर्वी हे चाक दिराच्या हाती होतं. ऐन उन्हाळ्यात त्यानं सख्ख्या भावाच्या पाण्याच्या दोन पाळ्या कोरड्या घालवल्या. "नियम म्हणजे नियम, वहिनी," एवढंच म्हणाला. लिंबाची दीडशे झाडं उभ्या उभ्या वाळली. नवरा रोज त्या सरपणात जाऊन बसायचा. वर्षाच्या आत तोही गेला. पुढं दिराचे गुडघे गेले आणि पाणीसमितीनं चाक तिच्याकडे दिलं. तिनं कुणाची पाळी पाच मिनिटांनीही चुकवली नाही. बाई सुतासारखी सरळ, असं लोक म्हणत. ती फक्त कांदा पोसायची वाट पाहत होती.

दुपारी पाटबंधारे खात्याचा इंजिनिअर तिच्या दारात आला. तिनं जबाब तयार ठेवला होता: हो, मीच उघडलं, मुद्दाम.

"बाई, थोडक्यात निभावलं," तो म्हणाला. "बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाझर आहे. आतून माती वाहून चालली होती. तलाव भरलेला असता, तर आज बांध फुटून खालची वस्ती गेली असती. तुमचे दीर सांगत होते, पाझर तुम्हाला पहाटेच दिसला म्हणून."

मागोमाग अख्खी वस्ती अंगणात लोटली. कुणी हात धरले, कुणी पोरं पायावर घातली.

दिवे लागायच्या सुमारास दीर आला. काठी टेकत, मांड्यांपर्यंत चिखलानं माखलेला.

"मला पाझर दिसला नव्हता, भाऊजी," ती म्हणाली. "मला तुमचा कांदा दिसत होता."

"ठाऊक आहे. मी रानातच होतो. तुमचा चेहरा पाहिला मी."

"मग खोटं का बोललात?"

तो पायरीवर बसला. काठीच्या टोकानं चपलेचा चिखल खरवडत राहिला.

"दादाच्या पाळ्या तोडल्या, तेव्हा नियमबियम काही नव्हता, वहिनी. त्याची बाग बघवत नव्हती मला." मग मान न उचलता म्हणाला, "आता फिटंफाट झाली म्हणा."

आतल्या खोलीत चुलीवरचं पाणी उकळून सांडल्याचा आवाज आला. ती गेली नाही. खुंटीवरची शाल काढून तिनं अंगावर घेतली, चपला घातल्या.

"एवढ्या सांजेला कुठं?"

"चावडीवर. सगळे आता तिथंच जमलेत. कांद्याचं मी सांगते, बागेचं तुम्ही सांगा."

"वहिनी, चाक जाईल तुमच्या हातून. लोक तोंडावर थुंकतील."

"दोघांच्याही," ती म्हणाली, आणि त्याला उठवायला हात पुढे केला.