द्वारकाबाईंचा फंड

१९८३ साली द्वारकाबाईंच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. ऐन विशीत नवरा गेला तेव्हा वडिलांनी त्यांना माहेरी, निर्मळ गावी परत आणलं आणि गावाच्या बोलण्याला भीक न घालता मास्तरणीचं शिक्षण दिलं. "पोरी, कुणापुढे हात पसरायची वेळ येऊ देऊ नकोस," एवढंच ते म्हणाले होते.

मग अर्नाळ्याची शाळा. सकाळची एसटी, वाळत घातलेल्या बोंबलांच्या ओळींमधून जाणारी वाट, पदराखाली कोलंबीचा वाटा घेऊन येणाऱ्या पोरांच्या आया. "बाई, पानी उकळलंय, चा घेऊनच जा!" तीसेक वर्षं कशी सरली ते कळलंच नाही. आता वर्गात फळा पुसतानाही त्यांचा हात रेंगाळे.

एके संध्याकाळी जेवताना धाकटा भाऊ दयाराम म्हणाला, "ताई, तुझा फंड आला की शंकरच्या वालीवच्या कारखान्यात घालू. नवं लेथ मशीन येईल. तुला काय, आमच्याकडेच तर राहायचंय."

शंकर दयारामचा मुलगा, त्यांचा लाडका भाचा. नाही म्हणवेना. पण त्यांना भागूबाई आठवल्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी ज्यांनी हाताला धरून शिकवलं, त्या भागूबाई. सगळा फंड पुतण्यांना देऊन बसलेल्या. मागे द्वारकाबाई त्यांना भेटायला गेल्या, तर चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. "नवी मागायची म्हणजे घरात तोंडं वाकडी होतात गं," त्या हसत म्हणाल्या होत्या. ते हसणं द्वारकाबाईंच्या मनातून जात नव्हतं.

पुढच्या रविवारी त्यांनी सांगून टाकलं, "दयाराम, चौथा हिस्सा शंकरला देते, तो परत नको. बाकीचा बँकेत मुदतीवर राहील. पेन्शनवर माझं भागेल, आणि आजारपणात तुम्हाला माझा भार होणार नाही."

"म्हणजे आमच्यावर भरवसा नाही तुझा?" दयाराम ताटावरून उठला. आठवडाभर बोलला नाही. द्वारकाबाईंना अन्न गोड लागेना. भावाला लहानपणी कडेवर घेऊन वाडीभर फिरवलं होतं त्यांनी.

एका दुपारी भावजय, मालन, ओसरीवर येऊन जवळ बसली. वाडीतल्या काकड्याच्या कळ्या खुडून तिची बोटं हिरवी झाली होती.

"वन्सं, बरं केलंत तुम्ही."

"तू तरी रागावली नाहीस?"

"ह्यांचा राग निवेल. पण मला एक सांगा..." तिने आवाज खाली केला. "फुलांचे माझे पैसे तांदळाच्या डब्यात पडून असतात. कुणी ना कुणी उचलतं. मला पोस्टात पुस्तक काढता येईल? माझ्या नावाचं?"

"येईल की," द्वारकाबाई म्हणाल्या. पंचवीस वर्षं एका चुलीवर जेवल्या दोघी, आणि हे तिला विचारायचं आपल्याला कधी सुचलं नाही.

सोमवारी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून त्या मालनला पोस्टात घेऊन गेल्या. कारकुनाने अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे सरकवली. मालनने ती बाजूला केली, पेन मागून घेतलं, आणि ओठ दाबून, एकेक अक्षर जोडत आपलं नाव लिहिलं.