पहिली चक्कर

तिने बाबांच्या जुन्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचा अ‍ॅक्सल ठोकून बाहेर काढला, चाक मांडीवर घेतलं आणि ब्रेकची प्लेट उलटी करून फरशीवर ठेवली. दोन्ही ब्रेक-शू कोरे होते. म्हणजे बाबांच्या अपघाताच्या सकाळी मोठ्या काकांनी आपल्या गॅरेजात बसवलेले तेच. त्यानंतर गाडी जी घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली, ती आता या पोरीच्या हट्टापायी बाहेर आली होती.

ती प्लेट पुसायला लागली आणि तिचा हात थांबला.

प्लेटच्या कडेला एक खाच असते आणि चाक धरणाऱ्या पुढच्या नळीवर बोटाएवढा खुंटा. चाक चढवताना खुंटा खाचेत गेलाच पाहिजे. ब्रेक दाबल्यावर प्लेट चाकाबरोबर फिरायला बघते, तिला धरून ठेवणारा तो एवढाच. पंपांच्या कारखान्यात फिटर म्हणून ती दिवसभर असल्याच गोष्टी हाताळत असे, तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. खाच आतून गुळगुळीत होती, कुठे तुटलेली-ताणलेली नाही. तिच्या शेजारी मात्र प्लेटवर एक खोल, अर्धगोल चरा होता. खुंटा त्या दिवशी खाचेत नव्हताच. बाबांनी ब्रेक दाबला, प्लेट गरकन फिरली, केबल तिच्याभोवती ओढली गेली आणि चाक जागच्या जागी आवळलं गेलं. ब्रेकची केबल गाडीवर नव्हती. कुणीतरी ती काढून टाकली होती, आणि गाडी घरी आणून दिली होती काकांनी.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. घरात चार पाहुणे जमले की काका हमखास सांगत, "आमचा धाकटा ब्रेक नाही दाबत, गाडीचा गळा दाबतो." सगळे हसत. आपला न वाकणारा गुडघा चोळत बाबाही हसत. तिला लहानपणापासून त्या हसण्याचा राग होता आणि का ते आज कळलं. काकांच्या गॅरेजात तर एकच नियम होता, भिंतीवर रंगवलेला: ब्रेक बसवेल त्याने पहिली चक्कर मारायची. हा नियम मोडला म्हणून त्यांनी हाताखालच्या माणसांना घरी पाठवलं होतं. त्या सकाळी मात्र ती चक्कर त्यांनी स्वतः मारलेली नव्हती.

ती प्लेट घेऊन तशीच घरात गेली. बाबा खुर्चीत बसून चष्म्याच्या काडीला दोरा गुंडाळत होते. त्यांनी चष्मा न लावताच चऱ्यावरून अंगठा फिरवला.

"ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"रस्त्यावर पडलो होतो तेव्हापासून. केबल डोळ्यांसमोरच होती, प्लेटला गुंडाळलेली."

"आणि इतकी वर्षं हसत बसलात?"

"गॅरेज नवं होतं त्याचं. बोभाटा झाला असता तर कोण आलं असतं त्याच्याकडे?" त्यांनी दोरा दातांनी तोडला. "मला वाटलं, तोच बोलेल कधीतरी. मग राहूनच गेलं."

"मी बोलते."

"तमाशा नको, बाळा."

"तमाशा कशाला? चाक तर बसवायचंय."

पुढचे काही आठवडे तिने गाडी एकटीने उभी केली. शू घासले, स्प्रिंगा बदलल्या, नवी केबल आणली, चरा पडलेली प्लेट बदलायचं मात्र तिने मुद्दाम टाळलं. ती सरळ होती आणि कामाला चालत होती. एका सुट्टीच्या दिवशी तिने काका-काकूंना बोलावलं. गाडी अंगणात स्टँडवर होती आणि पुढचं चाक भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं.

"हे काय, अर्धवटच?" काका म्हणाले.

"तुमच्या हातून बसू दे म्हटलं."

काका खुलले. बाह्या सरसावून खाली बसले, आईने दिलेला चहा बाजूला ठेवला आणि चाक उचलता उचलता त्यांनी काकूंना डोळा घातला.

"बघ हं, आमचा धाकटा ब्रेक नाही..."

त्यांची नजर प्लेटवरच्या चऱ्यावर गेली. वाक्य तिथेच राहिलं.

काकांनी चाक नळ्यांमध्ये सरकवलं, अ‍ॅक्सल आत ढकलला. नट आवळण्याआधी त्यांची दोन बोटं आपोआप प्लेटमागे गेली. त्यांनी खुंटा चाचपला, प्लेट थोडी हलवली, खुंटा खाचेत बसवला. नट आवळला. पुन्हा बोटं घालून पाहिलं. तिने खुंट्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. बाबा दारात उभे राहून ती बोटं बघत होते.

केबल जोडून काकांनी चाक फिरवलं, ब्रेक दाबला, सोडला. फडक्याला हात पुसत उठले आणि तिच्याकडून चावी घेऊन बाबांसमोर धरली. नेहमीचं हसू त्यांनी कसंबसं ओढून आणलं.

"घे. आता खुशाल दाब ब्रेक. पडायचा नाहीस."

"तेव्हाही मी ब्रेकच दाबला होता, दादा."

आवाज चढलेला नव्हता. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग दिराकडे. त्यांच्या हातातली बशी तिरपी झाली होती, चहा सांडत होता.

बाबांनी चावी घेतली नाही.

"पहिली चक्कर तुझी," ते म्हणाले. "नियम तुझाच आहे."

काका चावीकडे बघत राहिले. मग गाडीवर बसले. दोन किका फुकट गेल्या, तिसऱ्या किकेला ती धडधडत सुरू झाली आणि फाटकातून बाहेर पडली. गल्लीच्या टोकाला काकांनी ब्रेक दाबला. गाडी सरळ, जागच्या जागी उभी राहिली. ते तिथेच बसून राहिले, पाठमोरे, दोन्ही पाय जमिनीवर टेकून.

"जाऊ का बघायला?" तिने विचारलं.

"नको. येईल तो." बाबांनी दाराच्या चौकटीचा आधार सोडला. "माझे बूट कुठे आहेत? त्याच्यानंतर मी."