खुर्ची थंड होता कामा नये

आमच्या साहेबांचा एकच नियम होता. नोकरी खुशाल सोडा, पण खुर्ची थंड होता कामा नये. आपल्या जागी माणूस आणायचा, तो टेकला की आपण सुटलो. तेव्हाच सुटकेच्या कागदावर साहेबांची सही. आणि तो कागद नसेल, तर सोमवारी नव्या ठिकाणी मला कुणी दारात उभं करणार नव्हतं.

काम लिफ्टच्या तक्रारींचं. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं फोन करायची आणि मी त्यांना "घाबरू नका, सोडवतो" म्हणायचो. मला असं म्हणणारं कुणी नव्हतं.

पहिले तीन उमेदवार माझ्यामुळेच पळाले. मुद्दाम नाही हो. "साहेब फाईल फेकतात तेव्हा डावीकडे वाकायचं" हेही कामातच येतं, असं मला वाटलं. एक जण चहा येईपर्यंतही थांबला नाही. दुसरा पाणी प्यायला गेला, तो अजून पितोय.

"अरे शहाण्या," घरी ताई म्हणाली, "साहेब देवमाणूस आहेत म्हण. जीभ झडणार आहे का?"

शुक्रवारी चौथ्या उमेदवार आल्या. चाळिशीच्या बाई, हातात डबा, आधीची कंपनी बंद पडलेली. माझ्या शेजारच्या स्टुलावर बसल्या.

"साहेब कसे आहेत?"

"देवमाणूस."

तेवढ्यात केबिनमधून आरोळी आली. "ते गाढव जिवंत आहे का मेलं?"

"हे कुणाला?"

"मला."

"आणि म्हणे देवमाणूस?"

"पावत नाहीत. फक्त कोपतात."

बाई खुदकन हसल्या आणि मला खोटं बोलायचा कंटाळा आला. मी सगळं सांगून टाकलं. फाईल, शिव्या, ताप आला तर फोनवर खोकून दाखवायला लावणं. "मला सुटायचंय म्हणून तुम्हाला अडकवतोय. बसू नका."

बाईंनी डबा उचलला. गेल्या, मी मनात म्हटलं.

"उठा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"उठा हो. तुमची सही होईपर्यंत टेकते. मला कुठे गाडी पकडायचीय?"

साहेबांनी डोकावून खुर्चीत माणूस आहे एवढं पाहिलं आणि सही ठोकली. "बघू बाहेर किती टिकतोस." मी सवयीने "हो सर" म्हटलं.

खाली पायरीवर मी मटकन बसलो. कागदावरची सही दोनदा तपासली. थोड्या वेळाने बाई डबा घेऊन उतरल्या.

"अहो, खुर्ची?"

"साहेब बसलेत. मी उठले तर ओरडले, थंड होईल! म्हटलं, मग बसा तुम्ही."

"बसले?"

"नियम त्यांचाच ना. फोन खणखणतोय. अडकलेल्या माणसाला काय म्हणायचं, ते मला विचारत होते."

पोट धरून हसावं असा प्रसंग. पण ताण उतरला तशी मला आधी एक जांभई आली, मग दुसरी. बाईंनी डबा उघडून माझ्यापुढे धरला.

"आता तुमच्या नोकरीचं काय?" मी विचारलं.

"सोमवारी तिकडे जाताय ना? माणूस हवाय का विचारा. पण त्याआधी तिथले साहेब कसे आहेत ते मला कळवा. खरं खरं."