अर्धा पलंग

मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या सरायीत अजून १७७४ साल चालू आहे. सरायीचं आता संग्रहालय झालंय आणि मी तिथला सरायवाला: गुडघ्यापर्यंत विजार, कमरेला ॲप्रन. पाहुण्यांसमोर सोंग सोडायचं नाही, हा आमच्या मुख्य थॅकरबाईंचा नियम. मी तो दोनदा मोडला होता. एकदा एका काकांच्या छातीत कळ आली, तेव्हा मी अँब्युलन्स बोलावली. बाईंचं म्हणणं, वैद्याकडे घोडेस्वार धाडल्याचं आधी जाहीर करायला हवं होतं. आता तिसऱ्यांदा चुकलो तर नोकरी जाणार आणि मामाच्या फार्मवर टर्की पक्ष्यांची पिसं उपटत बसावं लागणार.

जानेवारीत एका बर्फाळ संध्याकाळी, बंद करायच्या वेळेला एक माणूस आत आला. टोपी ओली, ओठ निळे. त्याच्या पायाखाली फळ्या करकरल्या नाहीत. त्यानं रात्रीपुरता आसरा मागितला. सराय बंद झाली म्हणून मी सांगणारच होतो, तेवढ्यात कोपऱ्यातून बाई खाकरल्या. त्या काळी वाटसरूला सरायीतून परत पाठवत नसत, आणि अनोळखी माणसं एकाच पलंगावर झोपत.

"पलंग आहे," मी म्हणालो, "पण अर्धाच मिळेल."

त्यानं ओली टोपी काढली. "मागच्या सरायवाल्यानं दार उघडलं नाही. मी पायरीवरच थांबलो."

"किती वेळ?"

"आत्तापर्यंत."

बाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, की नवा स्वयंसेवक काम बरं करतो, पण त्याच्या कोटाची बटणं त्या काळातली वाटत नाहीत.

तो वरच्या खोलीत गेला. मी मागोमाग गेलो, बाई जिन्यावरच थांबल्या. पाहुण्यांनी हात लावू नये म्हणून पलंगाभोवती बांधलेला दोर त्यानं उचलला नाही, ओलांडलाही नाही. तो सरळ त्यातून गेला आणि आडवा झाला. गादी दबली नाही. दुसरा अर्धा कुणाचा, असं त्यानं विचारलं. बाईंनी जिन्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"माझा," मी म्हणालो आणि शेजारी पडलो. त्या बाजूनं उघड्या खिडकीसारखा गारठा येत होता.

माझी नोकरी पक्की झाल्याचं बाईंनी जिन्यावरूनच सांगितलं आणि त्या घरी गेल्या. आता सोंग सोडायला हरकत नव्हती. पण सराय बंद झाली असं म्हटलं असतं, तर त्याला पुन्हा पायरीवर जावं लागलं असतं. मी त्याच्याकडे कूस वळवली आणि वाटेत बर्फ फार लागलं का, ते विचारलं.