नळाच्या पाण्याचे अश्रू

मित्रांनो, घाम पुसायचा, नाक पुसायचं, कधी प्रसंगी गरम भांडं धरायचं, एवढंच हातरुमालाचं आयुष्य असतं असं तुम्हाला वाटत असेल. बहुतेक रुमालांचं ते तसंच असतं. मीही एक जुना, विरलेला रुमालच आहे. पण एका खोट्यात मी सामील झालो, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

माझं कापड मालेगावच्या मागावर विणलं गेलं आणि मनमाडच्या बाजारातून रोहिणीच्या घरी आलं. तिचे वडील रेल्वेत होते. रोहिणी तेव्हा शाळेत होती. शिवणाच्या तासाला तिने मला चौकोनी कापलं, कडा दुमडून शिवल्या आणि एका कोपऱ्यावर हिरव्या-गुलाबी दोऱ्याने गुलाब भरला. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "कोबी कशाला काढलास गं?"

सगळा वर्ग हसला आणि सगळ्यांत जास्त रोहिणी हसली. हसू आलं की तिला ते आवरायचंच नाही. खांदे गदगदायचे, डोळे मिटायचे, आवाज मात्र फुटायचा नाही, कारण तोंडावर मी दाबलेला असायचो. पाठीमागून बघणाऱ्याला वाटावं, पोरगी हुंदके देते आहे. ही तिची खोड मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. दुर्दैवाने ती फक्त मलाच ठाऊक होती.

बारावीनंतर रोहिणीला डी.एड. करून शिक्षिका व्हायचं होतं. तेवढ्यात नाशिकरोडचं स्थळ आलं. मुलाचं नाव भारत, नोकरी पक्की, स्वभाव शांत. विहारात लग्न लागलं आणि मी तिच्या पेटीतून जेलरोडच्या दोन खोल्यांच्या घरात आलो.

घरात सत्ता सासूबाईंची, यशोदाबाईंची. त्या नांदगावकडच्या. शेतात राबलेला हात आणि तसंच बोलणं. रोहिणीची पहिली भाकरी त्यांनी उजेडात धरली आणि म्हणाल्या, "ही भाकर हाय का चाळणी?" रोहिणी त्यांना फार घाबरायची. त्या समोर आल्या की तिचा पदर आपोआप डोक्यावर जायचा.

त्या वर्षी नाशिकरोडच्या थिएटरात एक मराठी सिनेमा लागला होता. त्याचं नाव मी सांगत नाही. त्या सिनेमावर जीव असलेल्या बायका अजून आहेत आणि त्यांना दुखवायची माझी इच्छा नाही. सिन्नर-निफाडकडून बायका गाड्या करून यायच्या. बाहेर पडताना एकमेकींचे रुमाल बघायच्या आणि ज्या बाईचा रुमाल जास्त ओला तिचं मन जास्त चांगलं, असा त्यांचा साधा हिशोब होता.

यशोदाबाईंनी तो आधीच पाहिला होता. लग्नाला दोन महिने होत नाहीत तोच एका दुपारी त्या सुनेला म्हणाल्या, "चल. रुमाल घे बरुबर. लय रडवतो."

सिनेमात एक भोळा भाऊ होता, त्याची छळ सोसणारी बहीण होती आणि बहिणीची कजाग सासू होती. भावाचं काम करणारा नट तेव्हा सगळ्या जिल्ह्याचा लाडका होता. बायका त्याचं चित्र असलेल्या दिनदर्शिका घरात लावायच्या. शेवटी तो बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून मरतो. मरता मरता एक गाणं म्हणतो, आणि प्रत्येक कडव्याआधी मान टाकून पुन्हा उचलतो. थिएटरात हुंदक्यांशिवाय दुसरा आवाज नव्हता. आणि नेमकी त्याच वेळी त्या नटाची चिकटवलेली मिशी एका बाजूने सुटली. तो हुंदका द्यायचा, मिशीचं टोक वर उडायचं. श्वास घ्यायचा, टोक खाली बसायचं.

सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून ते कुणालाच दिसलं नाही. रोहिणीचे डोळे कोरडे होते. तिला दिसलं.

तिने मला तोंडात कोंबलं. खांदे गदगदू लागले. तिसऱ्या कडव्याला मिशी पुन्हा उडाली तेव्हा ती पार पुढच्या खुर्चीवर ओणवी झाली. अंधारात यशोदाबाईंचा खरबरीत हात तिच्या पाठीवर आला आणि तिथेच राहिला.

दिवे लागले. सासूचे डोळे सुजलेले, सुनेचे स्वच्छ. रोहिणी घाबरली. "तोंड धुऊन येते," म्हणून ती नळाकडे पळाली. तोंडावर पाणी मारलं, आणि मग, मित्रांनो, तिने मला नळाखाली धरलं.

बाहेर आल्यावर यशोदाबाईंनी मला तिच्या हातातून घेतलं आणि पिळलं. पाण्याची धार पायरीवर पडली.

"इतकी रडलीस व्हय गं?"

रोहिणीने मान डोलावली. बस, एवढंच. पण त्या ओलाव्यात एक थेंबसुद्धा डोळ्यांचा नव्हता, आणि मी चिंब होऊन खोटी साक्ष देत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोहिणी उठली, तर यशोदाबाईंच्या भाकरी थापून झाल्या होत्या. जूनमध्ये त्या भारतला म्हणाल्या, "हिचा त्यो मास्तरणीचा फारम भरून टाक."

"आई, मग घरातलं कोण करणार?"

"मी काय मेले का?"

असं रोहिणीचं डी.एड. झालं. सिडकोतल्या एका शाळेत नोकरी लागली. पहाटेचं पाणी, भाकरी, धुणं, पुढे वेदिका झाली तिचं न्हाऊ-माखू, सगळं यशोदाबाईंनी अंगावर घेतलं. रोहिणीने नुसतं माहेरचं, मनमाडचं नाव काढलं, तरी त्या तिची पिशवी भरून ठेवायच्या. भाजी करपली तरी गप्प, उशीर झाला तरी गप्प. शेजारच्या सरुबाई एकदा खोचकपणे म्हणाल्या, "यशोदाबाई, सुनेला लई डोक्यावर बसवली बरं तुम्ही."

"बसू दे. माझं डोकं मजबूत हाय."

लोकांना हेवा वाटायचा. रोहिणी मात्र मला इस्त्री करताना हळूच म्हणायची, "त्यांना वाटतं मी फार मायाळू आहे. मी तर हसले होते रे." यशोदाबाईंचे गुडघे दुखायला लागले तेव्हा तिने तेल चोळून दिलं, डॉक्टरांकडे नेलं, पण त्या गुडघ्यांकडे सरळ बघायचं धाडस तिचं होत नसे.

आणि तो सिनेमा तर पाठ सोडेना. पुन्हा लागला की सासूबाई तिला घेऊन जायच्या. नंतर टीव्हीवर आला, तेव्हा शेजारणींना बोलावून सांगायच्या, "बघा आता, आमची रोहिणी कशी रडती." रडू येणार कुठून? रोहिणी माझ्या एका कोपऱ्याला बाम लावून बसायची आणि वेळ आली की तो डोळ्यांजवळ न्यायची. तो वास किती साबण झाले तरी गेला नाही. या सगळ्यात मी नेमका कुणाच्या उपयोगी पडतो, हे मला कळेनासं झालं.

तिची खरी मतं फक्त माझ्याजवळ होती. तो लाडका नट तिला लाकडाचा वाटायचा. डोळे मोठे केले की दुःख होतं आणि बारीक केले की राग, असं त्याचं सोपं गणित आहे, असं ती म्हणायची. जिला सगळ्या बायका शिव्या द्यायच्या त्या कजाग सासूचं काम तिला सगळ्यांत खरं वाटायचं. आणि विनोदी सिनेमात एका जाड्या नटाला सगळे लाथा मारायचे, सगळं थिएटर लोळायचं, तेव्हा ती माझ्या आड खरोखर रडायची. "त्याला घरी जाऊन काय वाटत असेल?" म्हणायची. मी खऱ्या अश्रूंनी भिजलो तो लोक हसत असताना. पण ते कुणाला सांगणार?

पुढे कागदी रुमालांचे खोके घरात आले. मी कपाटाच्या खणात जुन्या मोज्यांखाली गेलो. बरीच वर्षं मला कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

मागच्या आठवड्यात रोहिणीने मला पुन्हा बाहेर काढलं. आता ती निवृत्त झाली आहे. यशोदाबाईंनी ऐंशी ओलांडली. पडल्यापासून त्या खिडकीजवळच्या कॉटवरच असतात. "मला आपला पिच्चर एकदा बघायचाय," असं त्या म्हणाल्या, म्हणून वेदिकाने रविवारी दुपारी तो टीव्हीवर लावून दिला. वेदिका पुण्यात नोकरी करते, सुट्टीला आली होती. रोहिणी कॉटवर सासूबाईंच्या पायाशी बसली. मी तिच्या मुठीत होतो आणि माझ्या कोपऱ्याला ताजा बाम होता.

सिनेमा सुरू व्हायच्या आधी वेदिकाने मोबाईल समोर धरला. "आमच्या ग्रुपवर एक खेळ चाललाय. सगळ्या जगाला आवडलेला, पण तुम्हाला अजिबात न आवडलेला सिनेमा. किंवा हिरो. खरं सांगायचं हं! आजी, तू आधी."

"मला त्ये मारामारीचे सगळेच नाय आवडत," यशोदाबाई म्हणाल्या. "धा मानसं लोळवली, तरी केसाचा भांग तसाच! आमचं तर भाकरी थापताना इस्कटतंय."

वेदिका हसून लोटपोट झाली. "मम्मी, आता तू."

"तिला काय इचारती? तिला आपला ह्योच आवडतो. लय रडती बया."

"खरंच? मला तर हा जाम बोअर वाटतो," वेदिका म्हणाली. "सांग ना मम्मी."

रोहिणीची मूठ माझ्याभोवती आवळली. तिच्या तळहाताला घाम फुटला होता. तिने एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा त्या पांघरुणाखालच्या गुडघ्यांकडे.

"आई," ती म्हणाली, "तेव्हा मी रडत नव्हते."

"कवा?"

"पहिल्यांदा. तुम्ही मला थिएटरात घेऊन गेलात तेव्हा. मला हसू आलं होतं. त्याची मिशी सुटली होती."

वेदिकाला हसू फुटलं, पण आईचा चेहरा पाहून तिने मोबाईल पालथा ठेवला.

"रुमाल चिंब व्हता," यशोदाबाई सावकाश म्हणाल्या. "म्या सोता पिळला व्हता."

"नळाखाली धरला होता मी. तुम्हाला वाटलं मी फार मायाळू आहे. म्हणून तुम्ही मला शिकवलंत, माझ्या वाट्याचं सगळं केलंत. तुमचे पाय गेले, आई. मी हे सगळं फसवून घेतलं तुमच्याकडून."

टीव्हीवर एव्हाना सिनेमा सुरू होऊन भावाने बहिणीला झोपाळ्यावर बसवलं होतं, तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"म्हंजे," यशोदाबाई म्हणाल्या, "तुला दुक नव्हतं?"

"कसलं दुःख?"

"साळा सुटल्याचं. तुजा बाप म्हणला व्हता, दोन वर्सं थांबा, पोरीला मास्तरीण व्हायचंय. म्याच म्हणले, थांबायचं असंल तर आमी दुसरी पोरगी बघतो. त्यानं नाइलाजानं होकार दिला." यशोदाबाईंनी श्वास घेतला. "मग थेटरात तू अशी गदगदाया लागली. मला वाटलं, पिच्चरसाठी एवढं कोन रडतं? ही तर घरचं दुक हितं अंधारात काढती. आन् ह्ये पाप माझं हाय."

रोहिणी पायाशी होती ती पुढे सरकली.

"मायाळू कोन समजलं तुला? मला भ्या वाटायचं तुजं! मन हलकं व्हावं म्हनून पिच्चरला न्यायची, शेजारनींना पिच्चरचंच रडू सांगायची, पन दर टायमाला तू रडायची, मला वाटायचं, आजून इसरली नाय. एक शब्द बोलाया माजी छाती व्हत न्हवती."

"वाईट वाटलं होतं, आई. खोटं नाही बोलत. पण थोडे दिवस. मग मी रमले होते तुमच्या घरात."

"रमली व्हतीस?"

"हो."

यशोदाबाईंनी डोळे मिटले. त्यांच्या छातीवरून काहीतरी जड उतरलं असावं, कारण त्यांनी सोडलेला उसासा पार माझ्यापर्यंत आला. मग त्यांनी डोळे उघडले, आणि मित्रांनो, त्या संतापल्या.

"अगं मग सांगायचं ना! जलम गेला माजा भिऊन भिऊन!"

"तुम्ही विचारायचं ना! एकदा तरी विचारलंत, का रडतेस म्हणून?"

"सासूला उलटं बोलती!"

"बोलणारच!"

"आन् त्याच्या मिशीला हसली? एवढा गुणी नट!"

"लाकूड आहे तो, आई. शुद्ध लाकूड."

"तू लाकूड! आन् तुजी भाकर तर आजून चाळणीच हाय, म्या बोलले नाय इतकी वर्सं!"

वेदिका आ वासून बघत होती. या घरात सासू-सुनेचं भांडण तिने जन्मात पाहिलं नव्हतं. मीही नाही. दोघींचे आवाज चढले होते आणि दोघींचे डोळे भरून वाहत होते, पण पुसायला कुणाला सवड नव्हती.

मी काही फार शहाणा नाही. पण मित्रांनो, एवढं माझं ऐका. आम्हा रुमालांच्या ओलाव्यावर कधी विसंबू नका. पाणी नळाचं की डोळ्यांचं, हे पिळणाऱ्या बोटांना कळत नाही. आपलं माणूस तोंड झाकून बसलेलं दिसलं, तर मनाशी काही ठरवून त्याची नुसती सेवा करत राहू नका. त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, काय झालं? उत्तर ऐकून राग आला तर खुशाल भांडा. त्या दोघी संध्याकाळच्या चहापर्यंत भांडत होत्या, आणि चहा कुणी करायचा यावरून त्यांनी पुन्हा सुरुवात केली.